फाटकाबाहेरचा माग

"डावी बाजू खाली गेलीय."

आवाज मागून आला. मी भिंतीला टेकवलेल्या स्टुलावर उभी होते. हात कोपरापर्यंत खळीने माखलेले, वारा सुटलेला, वर बारीक भुरभुर पाऊस, आणि पोस्टर भिंतीऐवजी माझ्याच अंगाला चिकटायला बघत होतं. अशा वेळी कोणी मागून सूचना केली की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात.

"एवढं दिसतंय तर धरा की!" मी मान न वळवता म्हटलं.

आणि त्याने खरंच धरलं. खांद्यावरची अवजारांची पेटी खाली ठेवली, पोस्टरची दोन्ही खालची टोकं चिमटीत पकडली आणि तळवा मधून कडेकडे फिरवत नेला. कागद दाबतात तसा नाही, कापडाच्या ठाणावरची सुरकुती काढतात तसा. मी खाली बघितलं. कानामागे पेन्सिल, केसांत पावसाचे थेंब, आणि चेहऱ्यावर असं समाधान की जणू पोस्टर त्याच्याच घरच्या कार्याचं आहे.

"आता कसं सरळ झालं," तो म्हणाला. "बरं, एक पत्ता सांगाल? इथं जवळच कापडाची गिरणी आहे म्हणे."

मी बोटाने पोस्टर दाखवलं.

त्याने वाचलं. 'एका विणकरणीला दोनच माग! मागणी मान्य होईपर्यंत काम बंद. गिरणीत कोणीही पाऊल टाकू नये.' मग पुन्हा वाचलं.

"कोणीही म्हणजे...?"

"कोणीही म्हणजे तुम्हीसुद्धा."

"पण मला तर कामावर बोलावलंय. मी नवा फिटर."

मला हसू आवरेना. "वा! मग पहिल्याच दिवशी चांगलं काम केलंत की. संपाचं!"

तोही हसला. पण पेटी उचलून खांद्यावर घेतली आणि गिरणीच्या दिशेनेच चालू लागला. मी स्टुलावरून ओरडले, "अहो, आम्ही बाहेर उभ्या आहोत आणि तुम्ही आत जाणार?"

तो थांबला. "मी कामाला आलोय, बाई. भांडायला नाही."

"आम्हीही कामालाच आलो होतो," मी म्हटलं. तो गेला. हातातला खळीचा ब्रश त्याच्या पाठीवर फेकावासा वाटला. नाही फेकला. ब्रश एकच होता.

आमचं भांडण साधं होतं. आमच्या शेडमध्ये एक बाई दोन माग सांभाळायची. मालकाने नवी यंत्रं मागवली. ती मागाला बसवली की धागा तुटल्यावर माग आपोआप थांबणार. म्हणजे म्हणे एक बाई आरामात चार माग बघेल, आणि उरलेल्या अर्ध्या बायका घरी. आत्या मालकाशी बोलायला गेली, तेव्हा तो खुर्चीतून न उठता म्हणाला, "विणतं ते मशीन. तुम्ही नुसत्या समोर उभ्या असता. दोन मागांसमोर उभ्या राहता, तशा चार मागांसमोर राहा."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मला तिनेच वाढवलं, तिनेच मागावर उभं केलं. तिचा आवाज असा की गिरणीत तिला सगळे 'भोंगा' म्हणत, आणि मी मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यासारखी एका जागी टिकत नाही म्हणून मला 'धोटा'. तर ती भोंगा त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. घरी आली, माळ्यावर चढली आणि आजोबांच्या हातमागाची लाकडं एकेक करून खाली काढायला लागली. आमच्या घरात गिरणीच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालत. आजोबांनी गिरणी धरली आणि माग माळ्यावर गेला.

"आत्या, हे काय?"

"नुसत्या उभ्या असतो ना आपण? आता बसून दाखवू. त्याच्या फाटकासमोर."

असा तो माग फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभा राहिला. वर ताडपत्री बांधली. कांडीवाली मावशी कांड्यांवर सूत भरून द्यायची आणि आम्ही पाळीपाळीने बसायचो. कापड विकायचं नव्हतंच. फक्त मालकाने जाता-येता बघायचं होतं की विणणं कशाला म्हणतात.

पण खरं सांगायचं तर आम्हाला जमत नव्हतं! वीज गेली की आमचं कसब गेलं, अशी गत. आत्याचे हातपाय काही जुनं विसरले नव्हते, पण धोटा तिच्याही हातून उडायचा. माझी पाळी आली, मी दोरी ओढली, आणि तो ताण्याच्या उभ्या धाग्यांतून बाहेर उसळून रस्त्यावरून घरंगळत थेट फाटकाखालून आत गेला. वॉचमनकाका तोंड फिरवून हसले.

आत उभा होता तो. फिटर. त्याने वाकून धोटा उचलला, फुंकून पुसला आणि गजांतून बाहेर धरला.

"तुमचा का?"

"धोटा आहे तो."

"माहितीय. तुम्हालाही धोटा म्हणतात, असं वॉचमनकाका सांगत होते. मग हा तुमच्याच नात्यातला." तो अजून धोटा सोडत नव्हता. "आमच्याकडे म्हण आहे, धोटा उडाला की विणणारीचं लक्ष उडालेलं असतं."

"तुमच्याकडे अशी काही म्हण नाही."

"नाही," त्याने कबूल केलं. "आत्ताच केली. बरी होती ना?"

मी धोटा हिसकावून घेतला. बोटं लागली... जरा जास्तच वेळ लागली. मागे बायकांच्या घोषणा चालू होत्या आणि घोषणा मी द्यायच्या होत्या, हे माझ्या मग लक्षात आलं.

दुपारी चहाच्या टपरीकडे जाताना तो मागापाशी थांबला. बायका गप्प झाल्या. आत जाणाऱ्याशी कोणी बोलायचं नाही, असं ठरलं होतं. तो मागाभोवती फिरला, खाली बसून पायांकडे बघितलं.

"मागाला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "रस्ता तिरका आहे. गटाराकडे उतार आहे ना, सगळी चौकट पिळली गेलीय. मग धोटा सरळ कसा जाईल?"

त्याने पेटीतून लाकडाचा तुकडा काढला, तासून त्याची पाचर केली, मागाच्या एका पायाखाली ठोकली, मग दुसरी दुसऱ्या पायाखाली. चौकटीवर गाल टेकवून एक डोळा मिटून बघितलं आणि मला म्हणाला, "आता ओढा."

मी ओढली. धोटा सळसळत पलीकडे गेला. परत ओढली, परत आला. खट्‌... सळ्‌... खट्‌. कापड बोटभर, मग वीतभर वाढलं. मी वर बघितलं तर तो कापडाकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

टपरीवाल्याने त्याला चहा दिला नाही. "आतल्यांना नाही," म्हणाला. मी माझ्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी त्याच्यापुढे केली.

"ही कशाबद्दल?"

"पाचरीबद्दल. उपकार ठेवायची आम्हाला सवय नाही."

"मग रोज काहीतरी बिघडवा," तो म्हणाला.

मी काही मुद्दाम बिघडवलं नाही. पण रोज तो दुपारी यायचा, चौकटीला हात लावायचा, 'जरा ढिली झालीय' म्हणायचा. ती ढिली झालेली नसायची. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं आणि कांडीवाल्या मावशीला तर आमच्या आधी माहीत होतं.

एकदा मी त्याला सरळच विचारलं, "हातमाग इतका कळतो, तर मग विणणाऱ्यांनाच घरी पाठवणारी यंत्रं का बसवता?"

तो गजाला टेकून उभा होता. नेहमीचं हसू गेलं.

"डोंगराच्या कुशीत आमचं गाव. लोकर विणायचे सगळे. घराघरात माग. माझे वडील तर..." तो थांबला. "मग गिरणीची स्वस्त कांबळी आली. एकेक माग बंद पडला. वडील शेवटी शेवटी रात्रंदिवस विणायचे. मशीनशी शर्यत लावल्यासारखे. हरले. मी लहान होतो, पण तेव्हाच ठरवलं की जो जिंकणार आहे, त्याच्या बाजूला उभं राहायचं."

"मग चुकीच्या बाजूला उभे आहात," मी म्हटलं.

"इतकी खात्री?"

"माझ्याकडे बघा. तुम्हाला हरणारी दिसते का मी?"

त्याने बघितलं. अगदी सावकाश. "नाही," तो म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे."

त्या संध्याकाळी घरी आत्या ताण्याचं सूत उकलत बसली होती. मी गुंडाळी धरून समोर.

"बशी कोणाची होती?" तिने विचारलं.

ताकास तूर लागू द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. पण आत्यापुढे ते कधी जमलंय? "माझी," मी म्हटलं. "आणि आवडतो मला तो."

मला वाटलं, आता भोंगा वाजणार. आत्याने सूत खाली ठेवलं.

"मागच्या संपात एक होता," ती म्हणाली. "तुझा जन्म व्हायचा होता. तोही माग दुरुस्त करायचा. आमचं लग्न ठरल्यातच जमा होतं. संप सुरू झाला आणि तो आत गेला. मी फाटकावर घोषणा देत होते, तो रोज माझ्यासमोरून आत जायचा. मी मान ताठ ठेवली. संप मोडला, तो दुसऱ्या गावी गेला आणि मी इथं राहिले."

"वाईट माणूस."

"कोणास ठाऊक." आत्या हसली, पण ते हसू मला बघवलं नाही. "मी त्याला कधी म्हटलंच नाही, बाहेर ये. मला वाटायचं, त्याला आपोआप कळायला हवं. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं मी सगळं बोलले, फक्त तेवढं एक बोलले नाही. पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं, विचारलं असतं तर?" तिने सुताचं टोक माझ्या हातात दिलं. "तू विचार. नाही म्हणाला तर नाही म्हणाला. निदान तुला कळेल तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वॉचमनच्या चौकीपाशी येताच मी घोषणा थांबवली. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी फाटकाशी गेले.

"अहो फिटर!"

तो वळला.

"बाहेर या."

"का? माग बिघडला?"

"माग ठणठणीत आहे. मी म्हणतेय म्हणून बाहेर या. इथं, आमच्या बाजूला. मला तुम्ही तिथं नको आहात, इथं हवे आहात." मागे सगळ्या बायका ऐकत होत्या, ऐकू देत. "विचारल्याशिवाय राहायचं नाही, असं ठरवलंय मी. विचारलं."

त्याचा चेहरा पडला. पेटीचा पट्टा त्याने घट्ट धरला. "मी शब्द दिलाय मालकाला. परवा कापडाचे मोठे व्यापारी येणार आहेत. त्यांच्यासमोर माग चालवून दाखवायचेत. दिलेला शब्द मोडणारा माणूस तुम्हाला तरी कशाला हवा?"

आणि तो आत गेला.

मी परत आले. माझ्या खांद्यावर हात ठेवायला चार बायका पुढे झाल्या, पण मी त्यांना तशी संधी दिली नाही. घोषणा दिली. अशी दिली की टपरीवरच्या कपबशा खणखणल्या. रडायचं ते घरी रडले, तेही भांडी घासताना, म्हणजे कोणाला कळायला नको. आत्याला कळलंच. तिने फक्त माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

व्यापारी आले त्या दिवशी फाटकावर आमच्या सगळ्या बायका जमल्या. गाड्या आत गेल्या. थोड्या वेळाने शेडमधून आवाज आला. माग! किती दिवसांनी! बाहेरगावाहून कोणीतरी विणकरीण आणली होती, हे आम्ही ऐकून होतो. विणकराच्या कानाला सांगावं लागत नाही. चार माग लागले होते. कांडीवाली मावशी मटकन खालीच बसली.

"हरलो," कोणीतरी म्हणालं.

"गप!" आत्या म्हणाली. "ऐका."

एक माग थांबला. पुन्हा लागला. दुसरा थांबला. तो लागतोय तोवर तिसरा, मग पहिला पुन्हा. मी डोळे मिटले, तर मला ती बाई दिसली. एका मागाचा धागा गाठतेय तर दुसरा थांबलाय, तिकडे धावतेय तर तिसरा. माग आपोआप थांबत होते, पण धागा काही आपोआप गाठला जात नव्हता. मग एकाएकी चारही माग बंद झाले. आणि पुन्हा लागलेच नाहीत.

मग शेडचं दार उघडलं आणि तो आला. खांद्यावर पेटी, आणि एका हाताने त्या बाहेरगावच्या बाईला आधार दिलेला. तिला धाप लागली होती, पावलं धड पडत नव्हती. वॉचमनकाकांनी कोणालाही न विचारता फाटक उघडलं.

आत्याने त्या बाईला ताडपत्रीखाली बसवलं, पाणी दिलं. तो माझ्यासमोर उभा राहिला.

"दिलेला शब्द पाळला," तो म्हणाला. "यंत्रं बसवली. माग चालवून दाखवले. पण ती बाई धावत होती ना... घोटभर पाण्याचीही उसंत नव्हती तिला. माझे वडील शेवटी असेच धावायचे. मग व्यापाऱ्यांनी मला विचारलं, हे असं रोज चालेल का?"

"काय सांगितलंत?"

"खरं ते. चार माग चालतील, बाई चालणार नाही. आणि बाई नसेल तर कापड नाही. एवढं बोललो आणि मीच खटका बंद केला." त्याने पेटी खाली ठेवली. "मालक म्हणाला, चालता हो. म्हणून चालत आलो. पण त्याने हाकललं नसतं तरी आलो असतो, हे तुमच्या लक्षात असू द्या. तुम्ही बोलावलं होतं."

तेवढ्यात व्यापाऱ्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. आमच्या मागावरच्या कापडाची किनार त्यांनी बोटांत धरून बघितली, आत्याला नमस्कार केला आणि गाडीत बसले. त्यांच्या मागे मालक धावत होता. त्याला धावताना आम्ही पहिल्यांदाच बघितलं.

बोलणी लगेच सुरू झाली नाहीत. मालकाची ऐट उतरायला आठवडा गेला. मग त्याने आत्याला आत बोलावलं, आणि या वेळी खुर्ची दिली. सगळंच मिळालं असं नाही. नवी यंत्रं मागांवर राहिली, आणि हाताखाली मदतनीस दिला तर तिसरा माग घ्यायचा, हेही मान्य करावं लागलं. पण चौथा नाही, म्हणजे नाही. आणि एकही बाई घरी जाणार नाही. सगळं ठरल्यावर मालक उठायला लागला, तर आत्या बसूनच.

"अजून एक माणूस राहिला," ती म्हणाली. "फिटर."

"तो आमच्या हजेरीवर नाही!"

फिटर दाराशीच उभा होता. "आत्याबाई, माझ्यासाठी अडवून धरू नका," त्याने मध्येच म्हटलं. "मी जाईन कुठंतरी."

"तू गप्प बस!" भोंगा वाजला. खिडकीच्या काचा थरथरल्या. "कुठंतरी जाणारी माणसं बघितलीत मी. तू इथंच राहायचंस. तो आत येणार नसेल, तर आम्हीही नाही."

तो आत आला. आम्ही सगळ्याच आलो.

शेडमध्ये माग सुरू असले की शेजारणीचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून मागवाल्या बायका ओठ वाचतात. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईची सुनेबद्दलची तक्रार नीट समजून घेते. फिटर लोकांनाही ते येतं. तो आमच्या ओळीच्या शेवटच्या मागाखालून काम संपवून बाहेर आला, हात पुसले आणि माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवले.

"तुमच्याशी बोलायचं होतं."

"बोला की," मीही नुसत्या ओठांनीच म्हटलं.

"इथं?"

"इथंच. कोणाला ऐकू येतंय?"

त्याने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा तिथंच ठेवली. "सुट्टी काढून गावी जाणार आहे. आईला भेटायला. तुम्ही... याल?"

"मी? मी कोण म्हणून येऊ?"

"तेच विचारतोय." त्याचे कान लाल झाले होते. "आईला सांगायचंय, मला एक भेटलीय. पोस्टर तिरकं लावते. हरायला तयार नसते. तिच्याशिवाय मला आता कुठलंच काम सरळ जमत नाही. लग्न करशील माझ्याशी?"

तुम्हीवरून तू कधी झालं, त्याला कळलंही नाही. मला कळलं. छातीत काहीतरी इतकं जोरात धडधडलं की मला वाटलं, मागाचाच एखादा पट्टा सुटला. डोळे भरून आले होते, त्याचे ओठ धूसर दिसत होते आणि त्याला नुसत्या ओठांनी उत्तर देणं मला पुरेना. गिरणीच्या त्या गदारोळात कोण ऐकणार, म्हणून मी सगळा जीव एकवटून ओरडले,

"हो! करीन! आज म्हणशील तर आज!"

माझा आवाज शेडच्या पत्र्यावर आदळून परत आला. स्वच्छ. खणखणीत. एकही माग चालू नव्हता.

मी वळून बघितलं. प्रत्येक बाईचा हात आपापल्या खटक्यावर होता. ओठ वाचता येत नाहीत अशी त्या शेडमध्ये एकही नव्हती, हे मी पार विसरले होते! कांडीवाली मावशी टोपली छातीशी धरून दारात उभी होती आणि पदराने डोळे पुसत होती. तो फिटर मात्र जागच्या जागी उभा राहून हसत होता, असा की त्याला मुळी दुसरं काही येतच नाही.

"ऐकलं सगळ्यांनी," आत्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा बसलेला वाटला. "आता चला, माग लावा. कापड वाट बघतंय."

एकेक करून माग लागले. शेड पुन्हा गडगडायला लागली. तो माझ्या मागाशी आला, सगळ्या शेडकडे पाठ केली, म्हणजे त्याचे ओठ फक्त मला दिसावेत, आणि आणखी काहीतरी म्हणाला.

काय म्हणाला, ते मात्र मी कोणाला सांगणार नाही.